पाच वर्षांचा ठणठणीत लॅब आणि दहा हजारांचं पॅकेज

प्रश्न थोडक्यात असा की घरी ५ वर्षांचा लॅब, म्हणजे लॅब्रेडोर कुत्रा, आहे, नर, वजन ३८ किलो, खाणंपिणं एक नंबर, आजवर कधी आजारी नाही. रेबीजच्या इंजेक्शनला नेला तर क्लिनिकने वर्षाच्या तपासणीचं पॅकेज पुढे केलं, त्यात रक्त, लिव्हर, किडनी, थायरॉइड, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी, टिक फीवरचं (गोचीड तापाचं) कार्ड, सगळं मिळून दहा हजारांच्या घरात. सासूबाई म्हणतायत आमच्या गावची कुत्री पंधरा-पंधरा वर्षं जगली, कुणी त्यांचं रक्त काढलं नव्हतं. मग हे खरंच लागतं की नुसती लूट आहे?

मी प्राण्यांची डॉक्टर, परळच्या व्हेटर्नरी कॉलेजची, २५ वर्षं झाली या कामात, पहिली तीन चिपळूणला आणि पुढची सगळी पुण्यात, आणि असलं पॅकेज आमच्या क्लिनिकमध्येही आहे बरं का, त्यामुळे मी काही साधुसंत म्हणून बोलत नाहीये. एका ओळीत सांगायचं तर तपासणी दरवर्षी करा, पॅकेज घेऊ नका. आता लांब उत्तर.

मला आधी खटकलं ते वेगळंच, ते ३८ किलो. लॅबचा नर साधारण २९ ते ३६ किलोत बसायला पाहिजे. हाडापेराने दणकट असेल तर एखादा किलो इकडेतिकडे चालतो, पण तुम्ही ‘खाणंपिणं एक नंबर’ असं लिहिलंय म्हणून शंका आली, कारण लॅबच्या बाबतीत भूक चांगली आहे ही काही बातमीच नाही, लॅब मरायच्या आदल्या दिवशीपर्यंत खातो. घरच्या घरी बघायचं असेल तर स्वतःचा हात टेबलावर पालथा ठेवा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी त्यावरची हाडं चाचपा, कुत्र्याच्या बरगड्या हाताला तशा लागल्या पाहिजेत. मूठ वळल्यावर बोटांचे सांधे लागतात तशा लागल्या तर तो हडकलाय, आणि तळहातासारखं मऊ मऊ लागलं, बरगडी शोधावी लागली, तर जाड आहे. अमेरिकेत लॅबवरच एक अभ्यास झाला होता, २००२ मध्ये छापून आला, एकाच वेतातली पिल्लं जोडी जोडीने घेतली, ४८ कुत्री, जोडीतल्या एकाला जन्मभर दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं. कमी खाणारी मध्यावर १३ वर्षं जगली आणि जास्त खाणारी ११.२ वर्षं, आणि गंमत म्हणजे जास्त खाणारीसुद्धा काही अगडबंब नव्हती, आपल्याकडे सोसायटीत फिरतात त्यापेक्षा सडपातळच. जवळजवळ दोन वर्षं! एवढा फरक पाडणारी दुसरी गोळी किंवा टेस्ट माझ्याकडे नाही. तर दहा हजारांच्या आधी वजनकाटा, आणि चहाबरोबरची बिस्किटं आणि प्रत्येक पोळीमागचा तुकडा बंद, ते कोण देतं हे मी विचारत नाही.

आता सासूबाईंचं. त्या खोटं बोलत नाहीयेत, गावात एखादं कुत्रं पंधरा वर्षं जगलेलं असतंच आणि तेच लक्षात राहतं. पिल्लूपणी पार्व्हो आणि डिस्टेंपर या साथीच्या रोगांनी गेलेली, गोचिडांनी रक्त आटून गेलेली, गाडीखाली आलेली, त्यांना नावंही ठेवलेली नसतात मग मोजणार कोण. आणि आजारी पडलं की ते कुठेतरी निघून जायचं, ‘गेलं कुठे कुणास ठाऊक’ एवढंच. तरी त्यांच्या बोलण्यातलं अर्धं मला पटतं, ती कुत्री दिवसभर हिंडायची आणि एका भाकरीवर जगायची, त्यामुळे जाडीचे आजार त्यांना नव्हते.

वर्षाच्या तपासणीत सगळ्यात जास्त काय सापडतं म्हणाल तर ते हाताने सापडतं. नीट केली तर वीस मिनिटं लागतात. वजन, दात, हिरड्यांचा रंग, डोळे, कान, जबड्याखालच्या आणि गुडघ्यामागच्या गाठी, छातीला स्टेथो, पोट दाबून प्लीहा मोठी लागतेय का, मागचे पाय ताणून दुखतंय का, नराच्या वृषणाच्या दोन्ही गोळ्या जागेवर आणि सारख्या आहेत का, शेपटीखाली काय आहे. तुमच्या डॉक्टरांनी टेबलावर चढवून दोन मिनिटांत सुई टोचली आणि कागद पुढे केला असेल तर पॅकेजचं नंतर बघू, आधी तपासणीच झालेली नाही. माझ्याकडे नवीन लॅब आला की मी अंगभर दोन्ही हात फिरवते, कारण या जातीत चरबीच्या गाठी खूप आणि मास्ट सेल ट्यूमर, म्हणजे कातडीचा एक कॅन्सर, तोही बऱ्यापैकी, आणि दोन्ही हाताला अगदी सारखे लागू शकतात. गाठीला ‘चरबीची असेल’ असं हात लावून म्हणणं सोपं आहे, मीही पूर्वी म्हणायचे. आता सुई घालून काचेवर थेंब घेते, पाच मिनिटांचं काम, भूल नको काही नको. गाठ कुठे होती आणि किती सेंटीमीटर होती हे कागदावर लिहून ठेवायचं, म्हणजे पुढच्या वर्षी वाढली का यावर घरात भांडण नको.

दातांचं थोडक्यात, तीन वर्षांच्या पुढच्या बहुतेक कुत्र्यांना हिरड्यांचा काहीतरी त्रास असतोच, आणि ‘कुत्र्याच्या तोंडाला वास येतोच’ हे खरं नाही, तो वास पू आणि कीटणाचा असतो. भूल न देता नुसतं कीटण खरवडून दात पांढरे करून देतात त्याच्यावर पैसे घालवू नका, रोग हिरडीच्या खाली असतो आणि तिथे जागं कुत्रं कुणाला पोचू देत नाही.

आता रक्त. आपल्या हवामानात मी एकच रक्ततपासणी निवड म्हटलं तर सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, आणि सोबत काचेवरचा स्मिअर, म्हणजे रक्ताचा थेंब पसरून मायक्रोस्कोपखाली बघणं, आणि त्याचं कारण गोचीड. तपकिरी गोचीड आपल्याकडे वर्षभर असते, घरात भिंतीच्या फटीत, सोफ्याच्या शिवणीत, पार्किंगमधल्या वॉचमनच्या खाटेत सुद्धा अंडी घालते, त्यामुळे ‘आमचा तर खाली उतरतच नाही फारसा’ याला अर्थ नाही. तिच्यातून रक्तातले जंतू येतात, एर्लिकिया येतो, बबेसिया येतो, हेपॅटोझून कुत्र्याने गोचीड गिळली की येतो. लोकांना वाटतं गोचीड ताप म्हणजे ताप येणार, खाणं सोडणार, आणि पहिल्या झटक्यात तसं होतंही, पण एर्लिकियाची एक मधली अवस्था असते जिच्यात कुत्रं महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं, वरून अगदी नॉर्मल, खातंय, बॉलमागे पळतंय, आणि आत प्लेटलेट हळूहळू उतरतायत. मग एक दिवस नाकातून रक्त येतं किंवा नसबंदीच्या ऑपरेशनला टाका घालताना रक्त थांबत नाही. एका जर्मन शेफर्डच्या बाबतीत मी हे टेबलावर अनुभवलंय, मालकांनी ‘हेल्दी आहे, कशाला रक्त’ म्हटलं आणि मी ऐकलं. वाचली ती, पण त्या दिवसापासून सीबीसीशिवाय मी एकही ऑपरेशन घेत नाही, कुणी कितीही घाई केली तरी.

पण इथे एक गोची आहे. कुत्र्याच्या प्लेटलेट ट्यूबमध्ये एकमेकींना चिकटतात, मशीनला तो गठ्ठा एक मोठी पेशी वाटते आणि आकडा येतो ४० हजार, घरी रडारड, डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक चार आठवडे चालू. काचेवर बघितलं तर प्लेटलेट भरपूर, नुसते गठ्ठे झालेले. म्हणून रिपोर्टमध्ये स्मिअर कुणी डोळ्यांनी बघितलाय का हे विचारा, प्लेटलेट साधारण दोन लाखांच्या वर असल्या तर झोपा निवांत. आणि दुसरं म्हणजे सॅम्पल कुठे जातं. गल्लीतल्या माणसांच्या लॅबमध्ये स्वस्तात करून देतात, मला त्यांच्याबद्दल राग नाही, तालुक्याच्या गावात दुसरा इलाजच नसतो, पण त्या रिपोर्टच्या उजव्या बाजूला ‘नॉर्मल’ म्हणून जे छापलेलं असतं ते माणसाचं नॉर्मल असतं आणि मशीनही माणसाच्या पेशींवर बसवलेलं असतं. कुत्र्याचा लाल पेशींचा टक्का ३७ ते ५५ पर्यंत ठीक असतो, लाल पेशींचा आकार माणसापेक्षा लहान असतो, त्यामुळे ठळक अक्षरात ‘लो’ आलं म्हणून आयर्नचं टॉनिक सुरू करू नका. टॉनिक पाजून पाजून जुलाब लागलेली कुत्री मी बघितलीत.

टिक फीवरचं कार्ड, म्हणजे ते दोन रेघांचं किट, वर्षाच्या तपासणीत मी सरसकट करत नाही. बहुतेक कार्डं अँटिबॉडी दाखवतात, म्हणजे कुत्र्याची कधीतरी त्या जंतूशी गाठ पडली होती एवढंच, बरं होऊन गेल्यावरही रेघ कित्येक महिने, कधी वर्षाच्या वर येत राहते. पुण्यात गोचिडांमध्ये वाढलेल्या ५ वर्षांच्या कुत्र्याला ती रेघ आली तर मला नवल वाटणार नाही, आणि प्लेटलेट चांगल्या, वजन चांगलं, प्लीहा हाताला लागत नाही, तर नुसत्या रेघेला मी औषध देणार नाही. प्लेटलेट खरोखर कमी असतील तर मग कार्ड, पीसीआर, जे लागेल ते. गोचिडांची महिन्याची किंवा तीन महिन्यांची गोळी वर्षभर चुकवू नका, त्यात जास्त शहाणपण आहे (फिट्स येणारं कुत्रं असेल तर मात्र गोळी निवडायच्या आधी डॉक्टरांना ते सांगा).

किडनीचं मात्र मी लांब सांगणार आहे कारण त्यात माझी स्वतःची चूक आहे. एक पांढरी स्पिट्झ होती, आपल्याकडे पॉमेरेनियन म्हणून विकतात तशी, सहा किलोची, मालक इतके शिस्तीचे की दर दिवाळीआधी तपासणीला हजर. सहाव्या वर्षी क्रिएटिनिन (स्नायूंतून रक्तात येणारा कचरा, जो किडनी बाहेर टाकते) ०.६, मग ०.८, मग १.१, मग १.३. दरवेळी रिपोर्ट नॉर्मलच्या चौकटीत, दरवेळी मी ‘सगळं छान’ म्हणून पाठ थोपटून पाठवलं. दहाव्या वर्षी उलट्या, तोंडाला विचित्र वास, वजन चारवर, क्रिएटिनिन ४ च्या पुढे. तेव्हा मी जुने कागद काढून एकाखाली एक ठेवले आणि खरं सांगते, पोटात खड्डा पडला. आकडा चौकटीत होता पण तीन वर्षांत दुप्पट झाला होता आणि मी प्रत्येक कागद सुटा वाचला होता. किडनीचं साधारण तीन चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत क्रिएटिनिन चौकटीबाहेर जात नाही, हे मी कॉलेजात पाठ केलं होतं, पेपरातही लिहिलं होतं. शिवाय ते स्नायूंवर अवलंबून, सहा किलोच्या स्पिट्झचं १.३ आणि तुमच्या लॅबचं १.३ ही एक गोष्ट नाही, लॅबचं तेवढं असलं तरी मी घाबरणार नाही. त्या कुत्रीला आधी कळलं असतं तर खाणं बदलून, ब्लडप्रेशर आणि लघवीतलं प्रोटीन सांभाळून बराच काळ मिळाला असता. मालक मला काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

तेव्हापासून माझ्याकडे प्रत्येक कुत्र्याची एक वही असते, आणि मी पाच वर्षांच्या ठणठणीत कुत्र्याचं रक्त काढते ते आज रोग सापडेल म्हणून नाही. आज बहुतेकदा काहीच सापडत नाही आणि लोकांना वाटतं पैसे वाया गेले. मला त्याचं स्वतःचं नॉर्मल हवं असतं, तो धडधाकट असतानाचं, म्हणजे नवव्या वर्षी आकडा हलला की कळेल. म्हणून सीबीसी आणि साधं लिव्हर-किडनी प्रोफाइल एकदा आत्ता करून ठेवा, नंतर वर्षाला तेच, शक्यतो त्याच लॅबमध्ये, आणि कागदाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा कारण क्लिनिक बदलतात, कॉम्प्युटर बंद पडतात, फाइल कुणीतरी रद्दीत देतं. एसडीएमए नावाची टेस्ट क्रिएटिनिनच्या आधी वाढते, साधारण ४० टक्के काम कमी झाल्यावरच, ती सात-आठ वर्षांनंतर करायला चांगली आहे, पाचव्या वर्षी नाही केली तरी चालेल.

आणि लघवी! एवढ्या मोठ्या पॅकेजमध्ये लघवीच नाही हे बघून मला हसू आलं. सगळ्यात स्वस्त, कुत्र्याला टोचायलाही नको, आणि किडनी, डायबेटिस, इन्फेक्शन, खडे, लिव्हर या सगळ्यांची काही ना काही चाहूल तिथे असते. सकाळची पहिली लघवी घट्ट असायला हवी, यंत्रात १.०३० च्या वर, ती पुन्हा पुन्हा १.०१० च्या आसपास पातळ येत राहिली तर किडनीकडे बघायचं, रक्त काही म्हणो. फक्त घट्टपणा रिफ्रॅक्टोमीटर या त्याच यंत्रावर बघायला सांगा, रंगीत पट्टीवरचा तो चौकोन कुत्र्यांच्या बाबतीत भरवशाचा नाही, आणि पट्टीवर ‘पस सेल्स’ दाखवणारा चौकोन तर त्याहून नाही.

राहिलं काय, थायरॉइड. जाड, आळशी, केस झडलेला, कातडी काळवंडलेली असा लॅब असेल तर जरूर करा, पण नुसतं टी-फोर (थायरॉइडचं हार्मोन) नको, सोबत टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन), कारण दुसरा कुठलाही आजार असला किंवा स्टेरॉइड चालू असलं तरी टी-फोर खाली जातं आणि मग गरज नसलेल्या कुत्र्याला जन्मभराची गोळी लागते. तुमचा जाड असेल पण पळतोय, केस चमकतायत, तर आधी बिस्किटं. एक्स-रे आणि सोनोग्राफी मी पाच वर्षांच्या निरोगी कुत्र्याला वर्षाची म्हणून करत नाही, कारण हाती काही ना काही बारीक लागतंच, प्लीहेवर एखादा ठिपका वगैरे, आणि मग तीन महिने घर काळजीत. आठ-नऊच्या पुढे मोठ्या जातीत प्लीहेच्या गाठी खऱ्या धोकादायक असतात, फुटल्या की तासाभरात जातं कुत्रं, तेव्हा सोनोग्राफीला पैसे घाला. मोठ्या जातींना सातच्या पुढे आणि छोट्यांना नऊ-दहाच्या पुढे वर्षातून एकदा नाही, दोनदा या.

ज्यांच्याकडे छोटी कुत्री आहेत, शित्झू, डॅक्सहुंड, स्पिट्झ, त्यांच्यासाठी यादी थोडी वेगळी, तिथे स्टेथो सगळ्यात महत्त्वाचा, हृदयाची झडप गळायला लागली की मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला फुसफुस आवाज, आधी येतो आणि खोकला, दम पुढे कधी कधी काही वर्षांनी. मर्मर सापडला तर इको (हृदयाची सोनोग्राफी) करून हृदय मोठं झालंय का बघतात, झालं असेल तर गोळी वेळेत सुरू करता येते. घरी काय करायचं, गाढ झोपेत मिनिटाला श्वास मोजायचे, रोज ३० च्या वर जायला लागले तर फोन. आणि मादी असेल, ऑपरेशन न झालेली, तर दर महिन्याला पोटाच्या आचळांवरून हात फिरवा, आणि माजावर येऊन गेल्यावर पुढचे दोनेक महिने पाणी जास्त प्यायला लागली, मलूल झाली, तर गर्भाशयात पू झालाय का हे त्याच दिवशी बघायचं, सोमवारची वाट नाही.

लसीचं लोक विचारतात, दरवर्षी सगळी का. डिस्टेंपर, पार्व्हो, हेपॅटायटिस यांची लस, पिल्लूपणीचा कोर्स आणि वर्षाचा बूस्टर नीट झाला असेल तर तीन वर्षं सहज टिकते, जगभरच्या गाइडलाइनही तेच म्हणतात. लेप्टोच्या (उंदराच्या मुतातून पसरणाऱ्या रोगाच्या) लसीचं तसं नाही, ती जेमतेम वर्षभर, आणि कोकणात काम केलेला कुठलाही डॉक्टर तुम्हाला सांगेल की भातलावणीच्या दिवसात उंदराच्या मुताने भरलेलं पाणी काय करतं, चिपळूणला मी पिवळीधमक झालेली कुत्री बघितलीयत आणि त्यांची लघवी हाताळताना स्वतःला जपलंय कारण ते माणसालाही होतं. त्यामुळे लेप्टो दरवर्षी आणि पावसाच्या आधी, एप्रिल-मेमध्ये, बरेच दिवस चुकली असेल तर पुन्हा दोन डोस. रेबीज आपल्या देशात दरवर्षीच घ्या, यावर मी वाद घालत नाही, महापालिकेच्या लायसन्सलाही तो दाखला लागतो. पैशाची अडचण असेल तर ६ जुलै आणि २८ सप्टेंबरला अनेक सरकारी दवाखान्यांत ही लस फुकट देतात, ६ जुलै का तर १८८५ मध्ये त्या दिवशी पाश्चरने एका नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा ती टोचली होती.

जंताचं औषध तीन महिन्यांनी देतच असाल, तरी वर्षातून एकदा शी तपासून घ्या, ताजी, सुपारीएवढी पुरते. हुकवर्म आपल्या मातीत भरपूर, आणि लहान मुलं घरात असतील तर ते फक्त कुत्र्याचं प्रकरण राहत नाही.

तर तुमच्या लॅबला यंदा माझ्या हिशोबाने अंगभर हाताने तपासणी, वजन, सीबीसी स्मिअरसकट, लिव्हर-किडनी, लघवी, शी, लेप्टो आणि रेबीज, एवढंच. त्या दहा हजारांच्या निम्म्यातही बसेल. रक्ताला नेताना रात्री नऊनंतर खायला देऊ नका, पाणी चालू ठेवा, भरल्या पोटी रक्त दुधासारखं येतं आणि निम्मे आकडे चुकतात. लघवी धरायला अवघड जाईल असं वाटतं पण जात नाही, नर आहे, ठरलेल्या झाडाशी किंवा टायरशी पाय वर करेलच, लांब दांड्याचा वरणाचा डाव घ्यायचा, स्वच्छ कोरडा, आणि धार सुरू झाली की मागून हळूच पुढे सरकवायचा, आधी पुढे केला तर तो डावच हुंगत बसेल. दोन चमचे पुरे, बाटलीत भरून तासाभरात पोचवा, नाहीतर फ्रिजमध्ये, बाटलीवर ठळक नाव घालून. डाव मात्र त्याच्याच नावाचा वेगळा आणा, आणि कशासाठी आणलाय ते सासूबाईंना आधीच सांगून ठेवा.